गाळलेल्या ओळी

बोडीटोला, ता. मुलचेरा
१४ ऑक्टोबर १९९८

चि. जयास अनेक आशीर्वाद.

धप्प... धप्प... धप्प... दोन ठोक्यांच्या मध्ये कवितेची एक ओळ बसेल एवढी जागा. छत्तीस वर्षांपूर्वीचा तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. मी या गावात नवा मास्तर होतो. शाळा बोडीच्या पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, एका छपरीत भरायची. मी चौथीला नदीची कविता शिकवत होतो आणि खाली कमरभर पाण्यात एक काळाभोर जवान बांबूने पाणी बडवून मासे जाळ्याकडे हाकलत होता. पोरं कविता त्याच्या ठोक्यावर म्हणू लागली. मी चिडून पाळीवरून ओरडलो, "अहो, जरा थांबा की!" त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "मासोळ्या थांबत असन तं मीबी थांबतो, गुरुजी."

तो तुझा बाप. तेव्हापासूनचा माझा सोबती.

परवा इस्तारी तुझ्याकडून, चंद्रपूरहून, सुखरूप घरी पोचला. एस.टी.तून उतरताना मी हात पुढे केला तर म्हणाला, "मी काय नवरी हाय का?" पण हात धरला. आता मी त्याच्या खाटेपाशी बसूनच हे लिहितो आहे. तो सांगतो, "लिवा, जेवन बराबर हाय, बिडी सोडली." आतून तुझी आई सुकरी म्हणते, "सोडली नाई, लपवली म्हना."

तू त्याच दवाखान्यात नर्स आहेस म्हणून माझा मित्र परत आला, हे मी विसरणार नाही. दवाखान्याने दिलेला कागद इंग्रजीत आहे आणि डॉक्टरसाहेबांचं अक्षर असं, की माझ्या शाळेत असते तर रोज पाटीभर शुद्धलेखन दिलं असतं. तू सगळं मराठीत लिहून पाठव. मी वाचून दाखवीन.

तुझा,
मुखरू वाढई गुरुजी


चंद्रपूर
२५ ऑक्टोबर १९९८

आदरणीय गुरुजी, नमस्कार.

दिवाळीत ड्यूटी होती म्हणून उशीर झाला. बाबांना घरी सोडलं तेव्हाही मी ड्यूटीवर होते, नीट समजावून सांगता आलं नाही. बाबांना आणि आईला, दोघांनाही हे पूर्ण वाचून दाखवा. त्यांना अक्षर येत नाही, तुमचाच भरवसा आहे.

बाबांच्या हृदयाला रक्त नेणाऱ्या एका नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. मासे न्यायला आलेल्या बिस्वासदांची जीप मिळाली आणि बाबा पाच तासांत इथं पोचले, म्हणून सलाईनमधून गुठळी विरघळवणारं औषध देता आलं. नंतर पुन्हा गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलं. नळी मोकळी झाली, रक्त परत वाहू लागलं. ही चांगली गोष्ट.

दुसरी गोष्ट जपून ऐका. हृदयाच्या ज्या भागाला तेवढा वेळ रक्त मिळालं नाही, तो भाग आता नीट हलत नाही. तिथं रक्त रेंगाळतं, आणि मशीनवर तिथं एक नवी गुठळी धरलेली दिसली. ती सुटली तर मेंदूत जाईल, नाहीतर हातापायात. म्हणून सहा महिने रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळी, एक. पातळ म्हणजे पाण्यासारखं नाही. गोठायला वेळ लागतो एवढंच. त्यामुळे काही लागलं तर रक्त जास्त वेळ येईल. तेव्हा घाबरून गोळी बंद करायची नाही. जखम दाबून धरायची. तरीही थांबलं नाही तर इथं आणायचं. दर महिन्याला रक्त तपासायला बाबांनी आलंच पाहिजे, कारण त्यावरून डॉक्टर गोळी कमी-जास्त करतात. तपासणीशिवाय ही गोळी घेणं म्हणजे डोळे बांधून डोंगा चालवणं. दुखण्याची गोळी दुकानातून आणून देऊ नका. दोन महिने पाण्यात उतरणं बंद.

आईला म्हणा, गोळ्यांचा डबा चुलीजवळ ठेवू नको.

आपली,
जया


बोडीटोला
२ नोव्हेंबर १९९८

चि. जयास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि त्याच दुपारी वाचन झालं. इस्तारी खाटेवर डोळे मिटून, सुकरी दाराशी जाळं विणत, बाजूच्या दोन बायाही ऐकायला. तुला ठाऊकच आहे, आपल्या टोल्यात एकाचं पत्र आलं की सगळ्यांचं येतं.

"रक्त परत वाहू लागलं" ही तुझी ओळ मी वाचली आणि म्हटलं, "इस्तारी, धुऱ्याचं तोंड फोडलं की धानाच्या बांधीत पाणी कसं सुळसुळत जाते, तसं चाललं आहे बघ तुझं." तो हसला. महिनाभरात पहिल्यांदा हसला ग. "पुन्यांदा वाचा," म्हणाला. मी पुन्हा वाचलं. त्यावर मी दोन ओळीही रचल्या:

अडला होता ओहोळ कुठला, मोकळा झाला आज,
उरात माझ्या पुन्हा वाजतो पाण्याचा आवाज.

छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "वाजून राह्यला, गुरुजी, खरंच वाजून राह्यला."

पुढचंही सांगायचं ते सांगितलं आहे. गोळी संध्याकाळी, डबा चुलीपासून लांब, पाण्यात उतरायचं नाही. वाचताना आवाज जरा अडखळत होता, वय झालं. तू निश्चिंत राहा.

तुझा,
गुरुजी


चंद्रपूर
२१ नोव्हेंबर १९९८

गुरुजी, नमस्कार.

बाबा तपासणीला का आले नाहीत? मी दोन सोमवार स्टँडवर जाऊन मुलचेराची गाडी पाहिली. बाबा तसे माझ्या शब्दाबाहेर नाहीत. पत्रात मी एवढं स्पष्ट लिहिलं होतं. त्यांना भीती वाटते का? सुईची वाटत असेल तर सांगा, मी स्वतः रक्त काढीन. कळवा.

जया


बोडीटोला
३० नोव्हेंबर १९९८

चि. जयास आशीर्वाद.

धानाची कापणी चालू आहे, गाडीला गर्दी, म्हणून येणं लांबलं. येतील. काळजीचं कारण नाही.

एक लहानशी गोष्ट झाली, कानावर घालतो. गेल्या आठवड्यात इस्तारी पाळीवर बसून पोरांनी धरलेले मासे निवडत होता. पाण्यात उतरला नव्हता, शपथ. शिंगी माशाचा काटा अंगठ्यात गेला. रक्त बरंच आलं, दोन दिवस झिरपत राहिलं. घरच्यांनी हळद दाबली. आता पूर्ण थांबलं आहे. अंगठा बरा, माणूस बरा. औषधाचं घरचे बघतात.

मोहाच्या झाडाखाली उन्हात बसून आम्ही दोघं जुन्या गोष्टी बोलतो. तू पहिलीत असताना पाटीवर मासा काढायचीस आणि म्हणायचीस, हा माझा बाप. आठवतं?

गुरुजी


चंद्रपूर
२० डिसेंबर १९९८

गुरुजी,

आज जरा बसायला मिळालं. तेरा तारखेला बाबांना आणलं तेव्हा त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली दगडासारखा थंड होता, बोटं निळी. हृदयातली गुठळी सुटली आणि पायाच्या नळीत जाऊन बसली. पुन्हा हेपॅरिन, मग नागपूरला ऑपरेशन करून गुठळी काढली. पाय वाचला. दोन बोटं गेली. उशीर झाला होता. पाय आदल्या दिवशी सकाळी थंड पडला आणि घरात दिवसभर तेल चोळत बसले.

मी आईला विचारलं, गोळ्या दिल्या होत्यास ना? ती म्हणाली, "रक्त नोयतं थांबत, म्हणून बंद केल्या." किती दिवस? "काट्यापासून." तीन आठवडे, गुरुजी! मी पत्रात लिहिलं होतं, घाबरून बंद करायची नाही. तुम्ही वाचून दाखवलं होतं. तरी तिनं आपलंच केलं. मी वॉर्डात सगळ्यांसमोर तिला नको ते बोलले. "तू तं मारलीच होती माझ्या बापाले," असं बोलले. तिनं पिशवी उचलली आणि सकाळच्या गाडीनं निघून गेली.

तिला हे वाचून दाखवा: बाबा आता माझ्या क्वार्टरवरच राहतील. नेहमीसाठी. मी त्यांना पुन्हा तिच्या हातात देणार नाही.

जया


बोडीटोला
२९ डिसेंबर १९९८

चि. जया,

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बराबर लिवलं तिनं." मग कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

बेटा, एक म्हाताऱ्याचं ऐक. इस्तारी पाण्याकाठचा माणूस. सिमेंटच्या खोलीत तो कसा राहील? आणि सुकरी एकटी. चूक एखाद्याच्या हातून होते. अडाणी जीव घाबरतो. तू एवढी कठोर होऊ नकोस. त्याला परत पाठव. औषधाकडे मी जातीनं लक्ष देईन.

पायाची बातमी वाचली तेव्हापासून मला जेवण जात नाही.

गुरुजी


चंद्रपूर
९ जानेवारी १९९९
(पोस्टकार्ड)

गुरुजी, तुमचं मन मोठं आहे म्हणून तुम्ही तिची बाजू घेता. माझं नाही. बाबा खिडकीपाशी बसून राहतात, जेवत नाहीत, बोडीचं पाणी किती उतरलं एवढंच विचारतात. तरी पाठवणार नाही. हा विषय पुन्हा काढू नये ही विनंती. आईशी मला बोलायचं नाही. जया


बोडीटोला
१७ जानेवारी १९९९

जया,

या पत्राला आशीर्वाद लिहिण्याचा मला हक्क नाही, म्हणून लिहीत नाही.

गोळी तुझ्या आईने बंद केली नाही. मी बंद करवली.

आणि तुझं ऑक्टोबरचं पत्र मी पूर्ण वाचलं नव्हतं.

आता क्रमाने सांगतो. त्या दुपारी मी तुझी चांगल्या बातमीची ओळ वाचली, रक्त परत वाहू लागलं, आणि बांधीच्या पाण्याचं ते माझं वाक्य जोडलं. इस्तारी हसला. तुझ्या त्या ओळीपुढे "दुसरी गोष्ट जपून ऐका" हे होतं. माझी नजर पुढच्या चार ओळींवरून फिरली. नवी गुठळी, मेंदू, हातपाय. मी वर पाहिलं तर तो अजून हसतच होता. मी त्या ओळी गिळल्या. त्यांच्या जागी माझ्या त्या दोन ओळी घातल्या. गोळीचं सांगितलं, पण "ताकदीची आहे" असं सांगितलं. घाबरून बंद करायची नाही, हे कसं वाचणार? घाबरण्यासारखं काही आहे हेच मी सांगितलं नव्हतं. तपासणीचं म्हणालो, "सवड झाली की एकदा जाऊन या." दर महिन्याला यायचं आहे हे त्याला कधी कळलंच नाही. तू स्टँडवर गाडी पाहत उभी होतीस आणि तो इथं मोहाखाली निवांत बसला होता, माझ्याशी गप्पा मारत.

मग काटा रुतला. दुसऱ्या दिवशीही रक्त थांबेना. सुकरी लुगड्याचा भिजलेला पदर घेऊन माझ्या अंगणात आली. "गुरुजी, रगत काऊन नाई थांबत? गोळीनं तं नाई?" तुझं पत्र माझ्या पेटीत होतं. उत्तर त्यात तुझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. जखम दाबून धरा, नाही थांबलं तर आणा, गोळी बंद करू नका. मला ते पाठ होतं. पण ते सांगायचं तर गुठळीचं सांगावं लागलं असतं, आणि गुठळीचं सांगायचं तर महिनाभर का लपवलं तेही. ती उभी होती, मी उभा होतो. मी म्हटलं, "दोन-चार दिवस नको देऊ. रक्त जास्तच पातळ झालं असेल." तिने मान डोलावली आणि गेली.

रक्त थांबलं. मग चार दिवसांनी मी जाऊन "आता सुरू कर" म्हणायला हवं होतं. रोज ठरवायचो. रोज संध्याकाळी दिवा लागला की वाटायचं, उद्या. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलोही. सुकरी म्हणाली, "गोळी बंद केली तं कसं बरं वाटून राह्यलं त्याले, गुरुजी, तुमी होते म्हणून." मी चहा पिऊन परत आलो.

पाय थंड पडला तेव्हा मी तिथंच होतो. तेल चोळणाऱ्यांत मीही होतो. मला माहीत होतं ग. तुझ्या पत्रात "हातापायात" हा शब्द होता, आणि मी तो पाय हातात धरून बसलो होतो. तरी संध्याकाळपर्यंत मी तेलच चोळत राहिलो. दुसऱ्या दिवशी जीप आली, त्यात जागा होती. बिस्वास त्यांच्या बंगालीत म्हणालेसुद्धा, "मास्टरमोशाय, चलेन." मी गेलो नाही.

तुला वाटेल, गुरुजींनी असं का केलं. एक कारण सांगता येईल. तुझा मोठा बाप, इस्तारीचा थोरला भाऊ पोचू, बल्लारपूरच्या खाणीत दबून गेला, तेव्हाची तार तुझ्या आजीला मीच वाचून दाखवली होती. जशीच्या तशी. ती बसल्या जागी कोसळली आणि पुढं बोललीच नाही. त्यानंतर मी ठरवलं की कागदावरचं कठीण मी पोचवणार नाही. पण हे कारण तुला देताना मला लाज वाटते, कारण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं असं: मला ते आवडत होतं. तुझं पत्र सरकारी कागदासारखं असायचं, जया, कामापुरतं. मी त्यात एखादी उपमा घालायचो, एखादा "बाबा, तुमची फार आठवण येते" घालायचो, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मला वर्ग राहिला नव्हता. ती खाट, तो उंबरा, त्या बाया हाच माझा वर्ग होता. त्यांना मी सुंदर कविता ऐकवत होतो. तुझ्या बापाची दोन बोटं त्यात गेली.

तुझ्या आईने दवाखान्यात माझं नाव घेतलं नाही. का, ते मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही. तुझं ते डिसेंबरचं पत्र मी तिला वाचून दाखवलं ते मात्र पूर्ण वाचलं. "तू तं मारलीच होती" हेसुद्धा. पहिल्यांदा एक पत्र मी जसंच्या तसं वाचलं आणि ते हे. ती "बराबर लिवलं" म्हणाली तेव्हा मी तिथं खाली मान घालून बसलो होतो आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. आणि मग घरी येऊन तुला लिहिलं, "अडाणी जीव घाबरतो."

तू इस्तारीला सांग. त्याला घरी पाठव. तिच्याशी बोल. माझ्याशी बोलू नकोस.

मुखरू वाढई


चंद्रपूर
८ फेब्रुवारी १९९९

गुरुजी,

तुमचं पत्र तीन आठवडे माझ्या उशीखाली आहे. पहिल्या दिवशी वाटलं की मुलचेराची गाडी पकडावी आणि तुमच्या अंगणात उभं राहून सगळ्या गावाला ते मोठ्यानं वाचून दाखवावं. केलं नाही. माझी बदलीची नर्स आली नाही म्हणून केलं नाही, दुसरं कारण नाही.

एक मात्र लिहिते. आईला वॉर्डात बोलले ती मी. ते तुम्ही माझ्या तोंडात घातलं नव्हतं. मी नर्स आहे. रोज दहा घाबरलेल्या बायकांना समजावते. आपल्या आईला एकदाही विचारलं नाही की, तुला कोणी सांगितलं होतं का? ते माझ्याकडे राहील.

बाबांना काल तुमचं पत्र वाचून दाखवलं. पूर्ण. ते मग म्हणाले, "तू असी गोड लिवत नाई, हे मले का मालूम नोयतं? गुरुजी आपल्या मनचं घालते, हे मले पयल्यापासून ठाऊक होतं. मजा वाटे. पन घालते हे ठाऊक होतं, पोरी. काढते हे नोयतं ठाऊक."

आणि बोडीचं पाणी किती उतरलं असेल, ते विचारलं. 

शनिवारी मी त्यांना दुपारच्या गाडीत बसवते. गोळी पुन्हा सुरू आहे. तपासणी आता गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात होते. कागदावर डॉक्टर गोळी किती घ्यायची ते लिहून देतील.

सोबत आईसाठी वेगळा कागद आहे. तो तुम्हीच वाचून दाखवायचा. एकही शब्द घालायचा नाही आणि एकही काढायचा नाही.

जया

(सोबतचा कागद)

आई, गोळी बंद करायला गुरुजींनी सांगितलं हे मला आता कळलं. माझं पत्र त्यांनी तुला अर्धंच वाचून दाखवलं होतं. बाबांच्या हृदयात गुठळी होती हे तुला माहीतच नव्हतं. तुझी चूक नाही. मी तुला सगळ्यांसमोर बोलले, ते मला परत घेता येत नाही. बाबा शनिवारी येतात. यापुढे माझी पत्रं गुरुजींकडून वाचून घेऊ नको. अंगणवाडीच्या कलाबाईकडे जा. तुझी जया.


बोडीटोला
३ मार्च १९९९

जया,

तू उत्तर मागितलं नाहीस. तरी झालं ते कळवणं माझं काम आहे, आणि यात मी काही घातलेलं नाही.

कागद आला तो गुरुवार होता. शुक्रवारचा दिवस मी तसाच घालवला. हेही लपवत नाही. शनिवारी इस्तारीच्या गाडीआधी वाचायलाच हवं होतं, म्हणून सकाळी गेलो. सुकरी अंगण सारवत होती. मी उभ्यानेच म्हटलं, "जयाचा कागद आहे." ती हात धुऊन आली. बाजूच्या बाया सवयीप्रमाणे येऊ लागल्या. त्यांना जा म्हणावं असं फार वाटलं. म्हटलं नाही.

मी वाचलं. "गुरुजींनी सांगितलं" इथं अडखळलो, मग पुन्हा ते वाक्य पहिल्यापासून वाचलं. "अंगणवाडीच्या कलाबाईकडे जा" हेही वाचलं.  एका बाईने पदर तोंडाला लावला. सुकरीने विचारलं, "झालं?"

"झालं."

"काई गाळलं नाई?"

"नाही."

ती परत शेणाच्या घमेल्यापाशी बसली. मी निघालो नाही. म्हटलं, "सुकरी, दवाखान्यात तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

तिने सारवता सारवताच सांगितलं. "तुमच्या घरी कोनतं उत्तर भेटन ते मले मालूम होतं ना, गुरुजी. दवाखान्यात जा असं तुमी म्हनान, असं वाटलं असतं तं मी कायले आली असती तुमच्याइथी? मलेबी तेच ऐकाचं होतं. अर्धं माह्यं हाय. अर्धं तुमचं, ते तुमी तुमच्यापाशी ठेवा. माह्यावर नोका टाकू."

मी ते तेव्हापासून माझ्यापाशीच ठेवलं आहे.

इस्तारी त्याच संध्याकाळी उतरला. काठी घेऊन. मी स्टँडवर गेलो होतो, पण झाडाआड उभा राहिलो. सुकरीने त्याची पिशवी घेतली, तो काहीतरी बोलला आणि ती हसली. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पूर्वीचा असतो तर मी ते तुला रचून लिहिलं असतं.

त्यानंतर अठरा दिवस झाले. तो रोज सकाळी पाळीवर बसतो. मी दुसऱ्या बाजूने जातो. एकदा समोरासमोर आलो तर त्याने "राम राम" केला, मीही केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. टोल्यातली पत्रं आता अंगणवाडीत जातात. कलाबाई चांगलं वाचते, स्पष्ट आणि भराभर. माझ्याकडे कोणी येत नाही, आणि ते योग्य आहे. मुलचेराच्या वाटेवर परवा ते दोघं सकाळच्या गाडीत बसताना दिसले. गडचिरोलीला गेले असावेत, तपासणीला. तुझी आई खिडकीकडे बसली होती. ती आपणहून एवढ्या लांब निघाली हे मी पहिल्यांदा पाहिलं. कागदावर काय आलं ते मला कळणार नाही. विचारायला तोंड नाही. रक्त जास्त पातळ निघालं की कमी, गोळी वाढवली की अर्धी केली, हे विचार दिवसभर

थांब, अंगणात कोणीतरी आलं आहे.

सुकरी आहे. आत ये म्हटलं तर येत नाही, दाराबाहेरच उभी आहे. हातात गडचिरोलीच्या दवाखान्याचा कागद. म्हणते, "कलाबाईपासून येकदा वाचून घेतला हाय मी. आता तुमी वाचा. पाहू, दोघायचं जुळते का."